पेपर कुठे पाठवायचा? संशोधन पत्रिकांची ‘उद्दिष्टे आणि व्याप्ती’ वाचायला शिकू या

दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी फोन हातात घेऊन माझ्याकडे आली. वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरी हा तिचा पीएचडीचा विषय. आई स्वतः वेचणीला जाते, घरात दहावीच्या पुढे शिकलेली ही पहिलीच. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज होता : आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय जर्नल, आयएसएसएन क्रमांकासह, सर्व विषयांचे पेपर स्वीकारले जातील, ४८ तासांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत. “ताई, अठराशे मागून राहिले. भरून टाकू का?”

अठराशे म्हणजे तिच्या आईचा वेचणीचा जवळपास एक आठवडा. पण मी तिला रागवू शकले नाही, कारण एम.ए. झाल्यावर मीही असाच एक पेपर बाराशे रुपये भरून ‘छापून आणला’ होता. ते जर्नल आता इंटरनेटवर उघडतसुद्धा नाही. माझ्याकडे उरलं ते सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र.

मी तिला एवढंच म्हटलं, या जर्नलची उद्दिष्टं आणि व्याप्ती काय लिहिली आहे ते मोठ्याने वाच. तिने वाचायला सुरुवात केली : अभियांत्रिकी, आयुर्वेद, मराठी साहित्य, वाणिज्य, शारीरिक शिक्षण, नॅनो तंत्रज्ञान, गृहविज्ञान, कायदा... यादी संपेना. शेवटी तीच हसली आणि म्हणाली, “ताई, हे तर किराणा दुकान झालं.”

गावोगावी आपली मुलं-मुली एम.ए., एम.एस.डब्ल्यू., पीएचडीपर्यंत पोहोचत आहेत. घरात विचारायला कोणी नाही, गाईडला वेळ नाही, आणि पेपर ‘काढून देणाऱ्यांचे’ मेसेज मात्र रोज येतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते.

संशोधन पत्रिका म्हणजे जर्नल. प्रत्येक बऱ्या जर्नलच्या वेबसाइटवर, छापील अंक असेल तर बहुतेक मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, एक छोटा मजकूर असतो : उद्दिष्टे आणि व्याप्ती. ही पत्रिका कशासाठी निघते, कोणासाठी निघते, कोणत्या प्रश्नांवरचं लेखन घेते, कोणतं घेत नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. आपण तो मजकूर सोडून थेट ‘पेपर सादर करा’ या बटणाकडे जातो. संपादक मात्र लेख आला की आधी त्या मजकुराशीच ताडून बघतो. जुळला नाही तर तज्ज्ञ परीक्षकांकडे न पाठवताच लेख परत येतो. पत्रात एक ओळ असते : आपला लेख आमच्या व्याप्तीत बसत नाही. आपल्याला वाटतं लेख वाईट होता, किंवा आडनाव बघून परत केला. कधी तसंही होत असेल. पण बऱ्याचदा लेख चुकीच्या दारात गेलेला असतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याला माहीत आहे, फक्त आपण त्याकडे या नजरेने बघत नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या पत्रिकेत छापून आला. ही पत्रिका जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईत सुरू केलेली. पुरातत्त्व, इतिहास, भाषा, लोककथा, धर्म, चालीरीती अशा विषयांवरचं संशोधन हे तिचं क्षेत्र. बाबासाहेबांच्या निबंधाचा प्रश्न होता की जात ही व्यवस्था मुळात कशी घडली आणि कशी पसरली. उत्तराच्या केंद्रस्थानी होता जातीअंतर्गत विवाह, आणि तो टिकवण्यासाठी विधवांवर लादलेले निर्बंध. प्रश्न समाजाच्या घडणीचा, म्हणून निबंध त्या पत्रिकेत शोभला.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध आला. तो मात्र ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये. इथे जातीच्या उगमाची चर्चा नाही. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर किती श्रम आणि किती भांडवल लागतं त्यावरून ठरतं, आणि शेतीवर अडकलेल्या जादा माणसांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आजही वाचावा असा. बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचं त्यांनी केलेलं परीक्षणही त्याच पत्रिकेत आलं.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झालं. ते मराठीत, पाक्षिक, आपल्या माणसांसाठी. आणि १९५० मध्ये ‘बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य’ हा लेख त्यांनी दिला तो कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या ‘महाबोधी’ मासिकाला, जे अनागारिक धर्मपालांनी १८९२ मध्ये सुरू केलं होतं. ‘महाबोधी’ हे काही विद्यापीठीय जर्नल नव्हे. पण बौद्ध जगतातले वाचक ते वाचत.

माणूस एकच. जातीचा उगम एका पत्रिकेत, शेतजमीन दुसऱ्या, धम्म तिसरीकडे आणि रोजची लढाई वृत्तपत्रात. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, पण कोणता लेख कोणत्या वाचकापुढे ठेवला होता हे क्वचितच बघतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. यवतमाळचं नाव देशात ज्या गोष्टीसाठी घेतलं जातं ती आपल्याला सांगावी लागत नाही. शेतकरी आत्महत्या या एकाच विषयावर वेगवेगळ्या ज्ञानशाखांच्या जर्नलमध्ये काय छापून आलं ते बघा, म्हणजे ‘व्याप्ती’ हा शब्द उलगडतो.

एप्रिल २००६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये सृजित मिश्र यांचा लेख आला. मिश्र तेव्हा मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पाहणीत वर्धा आणि वाशिमबरोबर यवतमाळही होतं. आत्महत्या झालेली घरं आणि त्याच गावांतली न झालेली घरं यांची तुलना करून त्यांनी विचारलं : डोक्यावर कर्ज किती, बैल कोणाकडे होते, खाणारी तोंडं किती? हे साप्ताहिक मुंबईहून निघतं, १९६६ पासून. अर्थकारण, राजकारण, समाज आणि धोरण हे त्याचं क्षेत्र. विशेष लेख साधारण ८,००० शब्दांपर्यंत चालतो. वाचक प्राध्यापक असतात तसे अधिकारी, पत्रकार आणि कार्यकर्तेही असतात.

२००८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये बेहेरे आणि बेहेरे यांचा लेख आला, विदर्भातली शेतकरी आत्महत्या हे मिथक की वास्तव असा प्रश्न शीर्षकातच घेऊन. हे मानसोपचारतज्ज्ञांचं जर्नल, त्यामुळे वाचक वेगळा. त्याला बाजारभावाचं कोष्टक नको असतं. मरणाआधी त्या माणसाच्या मनात आणि घरात काय चाललं होतं, आणि डॉक्टर कुठे पोहोचू शकला असता, हे त्याला हवं असतं.

२०१२ मध्ये डोंगरे आणि देशमुख यांचं काम इजा आणि हिंसा या विषयाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आलं. हे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे डॉक्टर. त्यांनी कारणांची यादी गावातल्या लोकांकडूनच करून घेतली आणि त्या कारणांचे गट कसे पडतात हेही लोकांनाच लावायला सांगितलं. कर्ज, व्यसन, पिकाला न मिळणारा भाव, सरकारची बेपर्वाई, असं बरंच त्यात पुढे आलं.

आणि २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ने शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमधला ‘विश्राम’ प्रकल्प छापला. तिथे प्रश्न कारणांचा नव्हताच. नैराश्य असलेल्या किती माणसांपर्यंत उपचार पोहोचतात, आणि गावपातळीवर काम केलं तर ते प्रमाण वाढतं का, एवढाच नेमका प्रश्न. सुरुवातीला ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते, अठरा महिन्यांच्या कामानंतर २७.२ टक्के.

आता कल्पना करा, मिश्र यांचा लेख मानसोपचाराच्या जर्नलला गेला असता, किंवा ‘विश्राम’ची आकडेवारी अर्थशास्त्राच्या पत्रिकेला. दोन्ही परत आले असते. लेख कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे. व्याप्ती विषयाने ठरते असं आपल्याला वाटतं, पण खरं तर ती प्रश्नाने ठरते. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा तेही त्याच्याबरोबर येतं. वैद्यकीय जर्नल प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा असा ठरलेला साचा मागतं, शब्दमर्यादा कडक ठेवतं आणि नैतिकता समितीची परवानगी विचारतं. इतिहासाच्या पत्रिकेला मूळ कागद कुठल्या दप्तरात सापडला ते हवं असतं. भाषेच्या पत्रिकेला बोलीचे नमुने लागतात. गणिताच्या जर्नलला तर आपल्या गावाशी काही देणंघेणंच नाही, सिद्धता बरोबर पाहिजे.

समाजशास्त्र आणि समाजकार्य ही तर सख्खी भावंडं, तरी त्यांची दारं वेगळी. ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे टाटा समाजविज्ञान संस्थेचं, १९४० पासूनचं. हस्तक्षेप, कल्याणकारी योजना, प्रत्यक्ष कामातून काय शिकलो, याला तिथे जागा आहे. ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ हे इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीचं. ही संस्था १९५१ मध्ये मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि जर्नल पुढच्या वर्षी निघालं. तिथे तुमच्या माहितीने समाजशास्त्राच्या एखाद्या सिद्धांताशी बोलावं अशी अपेक्षा असते. मी एम.ए. समाजशास्त्रात केलं, काम मात्र समाजकार्याचं करते. त्यामुळे माझा घोटाळा ठरलेलाच होता. पारधी बेड्यावरच्या मुलांच्या शाळागळतीवर लिहिलेला माझा एक लेख समाजशास्त्राच्या एका जर्नलकडून परत आला, शेरा होता : हा प्रकल्प अहवाल वाटतो. तेव्हा फार लागलं. नंतर त्या जर्नलचे चार अंक काढून वाचले, तेव्हा कळलं की संपादक खोटं बोलले नव्हते. मी काय केलं ते मी लिहिलं होतं. त्यातून जात आणि शाळा यांच्या नात्याबद्दल नवीन काय कळतं, ते लिहिलंच नव्हतं.

पण इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. व्याप्ती ठरवतं कोण? डिसेंबर २००२ मध्ये गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्येच एक लेख लिहून भारतातली समाजविज्ञानं किती समतावादी आहेत असा प्रश्न केला. सिद्धांत मांडायचे उच्चवर्णीय अभ्यासकांनी आणि माहिती गोळा करायची दलित-बहुजनांनी, अशी विभागणी ज्ञानाच्या क्षेत्रातही झाली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या मुलांना ‘तुम्ही वस्तीतले आहात, तुम्ही वस्तीची माहिती आणा’ एवढंच सांगितलं जातं. पुढे २०१८ मध्ये गुरू त्याच साप्ताहिकाचे संपादक झाले. म्हणजे कुंपण आहे, हे खरं. पण कुंपणाला फाटक कुठे आहे हे शोधायचं तर आधी त्यावरची पाटी वाचावी लागते. मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

अलीकडे काही फाटकं आपल्या बाजूलाही उघडली आहेत. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० पासून ‘कास्ट’ नावाचं सामाजिक वंचनेवरचं जागतिक जर्नल निघतं. ते सुरू करणाऱ्यांत आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आहेत. अंक कोणालाही फुकट वाचता येतात. बौद्ध अध्ययनातही असेच वेगवेगळे कप्पे आहेत. ‘जर्नल ऑफ द पाली टेक्स्ट सोसायटी’ १८८२ पासूनचं, ते पाली ग्रंथ आणि हस्तलिखितांसाठी. ‘जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ १९९४ पासून इंटरनेटवर मोफत, विषय नीतिशास्त्र. ‘जर्नल ऑफ ग्लोबल बुद्धिझम’ २००० पासून, आधुनिक काळात बौद्ध धम्म कुठे कसा जगला जातो यासाठी. समजा कोणी आपल्या जिल्ह्यातल्या बौद्ध विवाहविधीवर काम केलं, तर पाली टेक्स्ट सोसायटीला पाठवून उपयोग नाही. तिसऱ्याकडे मात्र त्याचं स्वागत होऊ शकतं.

मराठीत काहीच नाही असंही समजू नका. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ १९८३ पासून आहे, तत्त्वज्ञानाला ‘परामर्श’ आहे, सामाजिक प्रश्नांना ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे, विदर्भाच्या इतिहासाला नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ आहे. आणि ‘आपल्या गावचं कोण छापतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी : जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये राणी आणि अभय बंग यांचा लेख आला, तो गडचिरोलीच्या फक्त दोन गावांतल्या ६५० बायांच्या आरोग्यावर होता. त्यांतल्या ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. जगभरच्या डॉक्टरांनी दुर्लक्षित केलेला प्रश्न होता, म्हणून गाव लहान असून चाललं.

आता फसवणुकीकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलची यादी काढली. तिच्यात इतका भुसा शिरला की २ मे २०१८ रोजी ४,३०५ जर्नल एकदम काढावी लागली. त्याआधी पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ जर्नलची तपासणी करून ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं होतं की त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात. मग २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली, आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणजे शेवटी तुमच्यावर. म्हणून ‘यूजीसी-केअर मान्य’ असं आजही लिहून येणारा मेसेज पाहिला की सावध व्हा, ती यादी आता चालू नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो लेखी मागून घ्या. कोणी घाबरवलं म्हणून पैसे भरू नका.

आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे. गाडीला नंबर प्लेट आहे म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असं होत नाही. पैसे मागणारं प्रत्येक जर्नल खोटं असतं असंही नाही. लेख सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून काही चांगली जर्नल लेखकाकडून शुल्क घेतात, पण ते लेख स्वीकारल्यावर, उघडपणे लिहून, आणि अनेकदा गरीब लेखकाला सूट देऊन. ४८ तासांचं आश्वासन मात्र खोटंच. खऱ्या परीक्षणाला महिने लागतात. आणि एक लेख एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचा, हे आपल्याला कोणी सांगत नाही म्हणून सांगते. दोन ठिकाणी पाठवला आणि लक्षात आलं, तर दोन्हीकडून नाव जातं.

जर्नल वाचायला मिळत नाहीत ही तक्रार खरी होती. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल वाचता येतात. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालाला विचारा. नसेल तर सरकारी कॉलेजातल्या मैत्रिणीला गाठा.

त्या मुलीने अठराशे रुपये भरले नाहीत. आम्ही दोघींनी कागदावर तिच्या विषयाचे तुकडे केले. एका किलोमागे मजुरी कशी ठरते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. वेचणाऱ्या बायांच्या पाठी, बोटं आणि फुफ्फुसांचं काय होतं, हा सामुदायिक वैद्यकशास्त्राचा. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. विषाचा प्रश्न डॉक्टरांचा, कीटकनाशक कायद्याचा प्रश्न वकिलांचा, पण पंप कोणाच्या पाठीवर होता आणि शेत कोणाचं होतं, हा प्रश्न आपला. तिने वहीत लिहिलं : वेचणीला कोणत्या वस्तीतून बाया बोलावल्या जातात, मुकादम कोण असतो आणि नकार कोणाला देता येतो?

मग दोन जर्नल निवडली. दोघांची उद्दिष्टं आणि व्याप्ती मराठीत लिहून काढली, प्रत्येकाचे अलीकडचे तीन-तीन अंक चाळले. एकात गेल्या दोन वर्षांत शेतमजूर स्त्रियांवर काहीच आलेलं नव्हतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. दुसऱ्यासाठी ती आता लेख पुन्हा लिहिते आहे. पहिलं पान तीन वेळा बदललं. परवा तिचा फोन आला, मुकादमाबद्दलची तिची माहिती अपुरी पडते आहे म्हणाली. म्हणून रविवारी आईबरोबर पुन्हा वेचणीला जाणार आहे, वही घेऊन.